बाईसाहेबांचं घमेलं

पोतं काही केल्या कमी होत नव्हतं, आणि मिस्त्रींच्या लेकीच्या जिवाला त्या पोत्याने घोर लावला होता.

पोतं साधंच, लाकडाच्या भुशाचं. बाबांच्या स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत भिंतीला टेकवून ठेवलेलं, मधोमध लाल पट्टा छापलेला. दीड महिन्यापूर्वी भुसा पट्ट्याच्या चार बोटं वर होता. मग पट्ट्याला टेकला. त्यानंतर ती तीनदा येऊन गेली आणि तिन्ही वेळा भुसा पट्ट्यावरच. बाबांचं मांजर तर रोज शी-शूला भुशाचं घमेलं वापरत होतं. रोज वाडगाभर भुसा ओला होऊन कचऱ्यात जात होता. मग नवा येत होता कुठून?

उत्तर एकच असू शकत होतं. बाबा परत मशीनवर जायला लागले होते.

ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारतानाही तिच्या डोळ्यांपुढे तेच यायचं. गोल करवत फिरते आहे, बाबा डावीकडून फळी सरकवताहेत, आणि डाव्या डोळ्याच्या कडेचं त्यांना आता दिसत नाही. वर्षाच्या सुरुवातीला डाव्या करंगळीचं टोक त्या मशीनने नेलं होतं. बाबांनी करंगळी फडक्यात गुंडाळली, आधी भुसा झाडून घेतला, कुलूप लावलं आणि मग चालत दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मिस्त्री, झाडून कशाला घेत बसलात?" तर म्हणाले, "सांडलेलं तसंच ठेवून कसं यायचं?"

त्या दिवशी लेकीने त्यांच्याकडून शब्द घेतला होता. मशीनचं बटण दाबायचं नाही. बाबांनी शब्द दिला. आणि बाबा तिच्याशी कधी खोटं बोलले नव्हते, म्हणून तर ती विचारायला घाबरत होती. विचारलं आणि ते खोटं बोलले, तर?

तिची स्वतःची लेक दुसऱ्या शहरात शिकायला होती. तिने फोनवर एका वाक्यात निकाल लावला. "आई, मी जेवले का हे तू मला दिवसातून दोनदा विचारतेस. आजोबांना भुसा कुठून येतो एवढं एकदा विचार की."

"तू जेवलीस का?" आईने विचारलं.

मिस्त्री म्हणजे खुर्च्यांचे मिस्त्री. लाकडाच्या वखारीच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती, तिथे त्यांनी सेहेचाळीस वर्षं खुर्च्या केल्या. टेबलं, कपाटं कुणीही करावीत, असं त्यांचं म्हणणं. कपाट माणसाला ओळखत नाही. खुर्ची ओळखते. म्हणून गिऱ्हाईक आलं की ते त्याला खोक्यावर बसवायचे, गुडघ्यापासून टाचेपर्यंत माप घ्यायचे, पाठीचा बाक हाताने चाचपायचे, आणि मग फिकट, मऊ लाकडाच्या पातळ फळीतून त्या माणसाचा फर्मा, म्हणजे मापाचा नमुना, कापायचे. पाठीचा एक, पायाचा एक. त्यावर पेन्सिलीने खूण. 'डॉक्टरीणबाई'. 'पोस्टातले'. 'जाड वकील'. जाड वकिलांना ती खूण कधी दिसू नये म्हणून तो फर्मा भिंतीकडे तोंड करून टांगलेला असायचा. सगळ्या भिंतीवर खिळे, प्रत्येक खिळ्याला एक फर्मा. वीस वर्षांनी कुणी दुसरी खुर्ची करायला आलं की मिस्त्री न विचारता हात वर करून बरोबर त्याचाच फर्मा काढायचे आणि म्हणायचे, "फर्मा आहे तोच आहे, तुम्ही थोडे सुटलात."

त्या भिंतीवर लेकीचाही एक फर्मा होता. 'लेक, सहावी'. सहावीत तिला अभ्यासाची खुर्ची केली तेव्हाचा. त्याच वर्षी एका शाळेच्या बारा खुर्च्यांचं काम आलं होतं. बाबांनी गडबडीत तिच्याच मापाने सगळ्या कापल्या, आणि खुर्च्या होत्या शिक्षकांसाठी. बारा शिक्षक गुडघे हनुवटीला लावून बसले. बाबांनी बाराच्या बारा परत आणून पाय बदलून दिले. लेकीची आई पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांना ते सांगायची आणि बाबा दर वेळी म्हणायचे, "पण पाठ बरोबर बसली होती की नाही?"

संध्याकाळी बाबा घरी येत तेव्हा त्यांच्या भुवयांवर भुसा असायचा. आई त्यांना उंबऱ्याच्या आत घेत नसे. दारातच कोरड्या फडक्याने आधी भुवया, मग खांदे, मग पाठ झाडायची आणि झाडता झाडता दिवसभराचं सगळं सांगून टाकायची. घरात शिरेपर्यंत बाबांना सगळं कळलेलं असे. आई गेल्यावर बाबा दारात थांबायचे ते थांबायचेच. स्वतःच फडकं घेऊन झाडायचे, पाठ सोडून. पाठीपर्यंत हात पोचायचा नाही.

मांजर आणलं नातीने. तीन वर्षांपूर्वी, कॉलेजच्या जिन्याखालून, मुठीएवढं. लेकीच्या घरमालकाला चालत नाही म्हणून ते आजोबांकडे आलं आणि नात पुढचं शिकायला परगावी गेल्यावर तिथेच राहिलं. पहिल्या दिवशी त्याने दुकानातून आणलेली मांजरांची पांढरी वाळू हुंगली, नाक मुरडलं, आणि थेट खुंटीवरून खाली पडलेल्या बाबांच्या कामाच्या विजारीत, भुसा साठलेल्या दुमडीत, कार्यभाग उरकला. बाबा बघत राहिले. मग गंभीरपणे म्हणाले, "बाईसाहेबांना माल कळतो." तेव्हापासून मांजर बाईसाहेब झालं, आणि बाबांनी जुन्या घमेल्यात वखारीतला भुसा भरून दिला.

पण बाईसाहेबांना वाटेल तो भुसा चालत नसे. अक्रोडाच्या लाकडाचा गडद भुसा घातला की त्या घमेल्याच्या काठावर चार पाय जुळवून उभ्या राहत आणि बाबांकडे बघत. फिकट, मऊ लाकडाचाच हवा. तोच त्या पंज्याने उकरत, बसत आणि अगदी मन लावून झाकत.

आता खोली बंद होणार होती. करंगळी गेल्यावर लेकीने वखारवाल्या मालकांशी बोलणं केलं. महिनाअखेरच्या शनिवारी मशीन विकत घेणारा माणूस येईल, खोली रिकामी होईल, किल्ली मालकांना जाईल. मालकांनी खोली टायरवाल्याला द्यायचं कबूल करून टाकलं होतं. बाबांना तिने सांगितलं तेव्हा ते बाईसाहेबांच्या कानामागे खाजवत होते. म्हणाले, "बरं."

तेवढंच. ते 'बरं' तिच्या मनात रुतून बसलं होतं.

म्हणून तिने ठरवलं, विचारायचंच नाही. भुशाची गरजच संपवायची. मांजराने दुसरं काही घ्यायला सुरुवात केली की बाबांना मशीनकडे जायला निमित्त उरणार नाही.

ती पाळीव प्राण्यांच्या दुकानातून जुन्या कागदाच्या गोळ्यांची पिशवी घेऊन आली. वास नसलेल्या, राखाडी, वालाएवढ्या गोळ्या. घमेलं धुतलं, गोळ्यांनी भरलं आणि मोठ्या आशेने बाजूला उभी राहिली.

बाईसाहेब आल्या. हुंगलं. एक पंजा ठेवला, झटकला, दुसरा ठेवला, तोही झटकला. मग शांतपणे बाहेरच्या खोलीत जाऊन लेकीच्या कामावर न्यायच्या पिशवीत बसल्या.

"पिशवी चामड्याची आहे ना?" बाबा खुर्चीतून म्हणाले. "चामडं धुता येतं."

"बाबा, तुम्हाला हसू येतंय."

"मी कुठे हसतोय? त्यांनी आपलं मत दिलं."

दुसऱ्या दिवशी ती पिशवीसकट दुकानात गेली. दुकानातल्या बाईंनी पिशवीकडे एक नजर टाकली आणि सगळं समजल्यासारखी मान हलवली. "सगळं एकदम बदललंत ना? असं नाही चालत. जुन्यात नवं मिसळा. पहिले तीन दिवस दोन चमचे, बास. मग चार. घमेलं तेच, जागा तीच. आणि घमेलं साबणाने घासू नका, तिचा वास राहू दे थोडा. ती अडली तर एक पाऊल मागे या, जबरदस्ती करू नका. दोनतीन आठवडे लागतील."

"तीन आठवडे?"

"कुणाकुणाला दोन महिने लागतात."

ग्रंथालय सुटलं की एक दिवसाआड ती दोन बस बदलून बाबांकडे जाऊ लागली. चमचे बाबा टाकायचे. मोजमाप म्हटलं की त्यांना दुसऱ्यावर भरवसा नसे. कानावरची पेन्सिल काढून घमेल्यामागच्या भिंतीवर रोज रेघा मारायचे. दोन, दोन, दोन, चार. बाईसाहेब अडल्या त्या दिवशी रेघेवर फुली. चमच्याला चमचा हिशेब बरोबर असायचा, आणि लेकीला ते बघून उलट जास्तच धसका बसायचा. इतका सरळ माणूस चोरून मशीनवर कसा जाईल? आणि जात नसेल तर पोतं भरतंय कसं?

सहा चमच्यांपर्यंत सुरळीत चाललं. आठ झाले आणि बाईसाहेबांनी बंड केलं. एकदा न्हाणीघरात, एकदा बाबांच्या चपलेत, एकदा शेजारणीने वाळत घातलेल्या उशीवर. शेजारीण उशी हातात धरून दारात उभी.

"मिस्त्री, हे तुमच्या राणीचं काम."

"राणी नाही हो, बाईसाहेब. उशी द्या इकडे, धुऊन देतो."

"धुऊन काय करू? त्यावर माझं डोकं टेकेल का आता?"

"मग उशीच्या बदल्यात लाकडी स्टूल करून देतो. तुमचं माप आहे माझ्याकडे."

शेजारीण हसत गेली. लेकीला मात्र हसू आलं नाही. बाबा बोलून गेले होते आणि बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं होतं. स्टूल कुठे करणार? शनिवार आठ दिवसांवर होता.

त्या संध्याकाळी बाबा खाली बसून घमेल्यातल्या गोळ्या बोटांनी चाळत होते. एक गोळी अंगठ्याखाली धरून दाबली. मग बाईसाहेबांना मांडीवर घेतलं, पंजा उलटा केला आणि गुलाबी गादीवरून बोट फिरवलं.

"वासाचं काही नाही गं हे," ते म्हणाले. "गोळी मोठी आहे. पायाखाली खडा लागतोय त्यांना. वजन टाकलं की घसरतंय. तू असल्या खड्यांवर बसशील?"

उठले, कपाटातून लाकडी मोगरी काढली. गोळ्या जाड फडक्यात बांधल्या आणि फरशीवर ठेवून हलक्या हाताने ठोकत राहिले. अधूनमधून फडकं उघडून चिमटीत घेऊन बघायचे, नाही म्हणायचे, परत बांधायचे. लेक लहानपणी जशी खोक्यावर बसून त्यांचं काम बघायची तशी भिंतीला टेकून बघत बसली. तेच वाकलेले खांदे, कामात जीभ गालात धरायची तीच सवय. नखाएवढी करंगळी कमी, एवढाच फरक. शेवटी त्यांनी चूर चाळणीने चाळला आणि आठ चमचे मोजून घमेल्यात टाकले.

बाईसाहेब आल्या. उकरलं. बसल्या. झाकलं.

बाबांनी भिंतीवर रेघ मारली. फुली नाही.

पुढच्या पाच दिवसांत चमचे भराभर वाढले आणि गुरुवारी घमेल्यात भुसा नावालाही उरला नाही. सगळा कागदाचा राखाडी चूर, आणि बाईसाहेब त्यात अशा बसल्या होत्या जशा जन्मापासून दुसरं काही त्यांना माहीतच नव्हतं. लेकीला फार हलकं वाटायला हवं होतं. वाटलंही, पण घटकाभरच. बाबा घमेल्यासमोर स्टुलावर बसले होते, पेन्सिल हातात, आणि मारायला रेघ उरली नव्हती.

"झालं तुझं काम," ते म्हणाले.

"तुमच्यामुळे झालं, बाबा."

"हो ना."

शुक्रवारी संध्याकाळी ती आली तेव्हा घराला कुलूप होतं. ती तडक वखारीकडे निघाली. रस्ता पायाखालचा होता, तरी दोनदा ठेच लागली. फळ्यांच्या थप्प्यांमधून मागच्या अंगाला जाताना ती मशीनचा आवाज ऐकायला कान देत होती. आवाज नव्हता. खोलीचं दार अर्धवट उघडं होतं.

मशीनवर कापड झाकलेलं होतं. कापडावर धूळ, धुळीवर बोटाचा एकही ठसा नाही. मशीनचा पट्टा काढून गुंडाळून वर ठेवलेला. बाबा खिडकीपाशी बुटक्या बाकावर बसले होते. मांडीवर जुनी चादर पसरली होती आणि हातात मोठी कानस.

मग तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. भिंतीवर खिळेच खिळे. पन्नास, साठ, सत्तर उघडे खिळे, आणि प्रत्येक खिळ्याखाली धूळ न बसलेला, फर्म्याच्या आकाराचा एक फिकट डाग. पाठींचे बाक, पायांच्या लांबट वळणांचे डाग. कोपऱ्यात तीन फर्मे तेवढे लटकत होते.

"बाबा, हे काय?"

"मशीनला हात लावणार नाही म्हणालो होतो. लावला नाही. पट्टा मीच काढून ठेवला, मोह नको म्हणून." त्यांनी कानस खाली ठेवली. "फिकट लाकूड वखारीत आता येत नाही. राहिलेले तुकडे सगळे अक्रोडाचे. बाईसाहेब घेत नाहीत. फिकट एवढेच होते."

"म्हणून फर्मे कापलेत?"

"करवतीने तुकडा पाडायचा, मग कानशीने. दोन तासांत वाडगाभर होतो. वेळ बरा जातो."

ती खोक्यावर बसली, गिऱ्हाईक बसायचं त्याच. भिंतीकडे बघत म्हणाली, "माझा कुठे आहे? सहावीचा?"

"तुझा पहिलाच गेला," बाबा म्हणाले. "लहान होता. सुरुवातीला हाताला सोपा."

तिला एकदम हसू आलं. म्हणजे 'लेक, सहावी' बाईसाहेबांच्या घमेल्यात जाऊन दोन महिने होत आले होते, आणि ती एक दिवसाआड येऊन त्यावर कागदाच्या गोळ्या घालून घेत होती.

"जाड वकिलांचा सगळ्यात जास्त निघाला," बाबा म्हणाले. "आठवडा काढला त्यांनी. चांगला माणूस."

"मला सांगायचं तरी. मी वाटेल तिथून भुसा आणला असता."

"तू गोळ्या आणल्यास. म्हटलं, चालू दे. चालल्या तर हे तीन वाचतील."

"मग कालच चालल्या की. आज काय करत होतात?"

बाबांनी मांडीवरच्या चादरीची दुमड बाजूला केली. खाली भुसा नव्हता. फिकट लाकडाची एक नवी पातळ फळी होती, कुठल्यातरी खोक्याची असावी, आणि तिच्यावर पेन्सिलीने काढलेलं एक वळण. कानशीने ते वळण ते घासून गुळगुळीत करत होते.

"शेजारीणबाईंच्या उशीचं स्टूल," ते म्हणाले. "उद्यापर्यंत होणार नाही. पण फर्मा तरी करून ठेवतो म्हटलं."

उद्या शनिवार. लेक खिळ्यांकडे बघत राहिली. बाबा तिच्याकडे न बघता फळीवरची भुकटी फुंकत होते.

"एक विचारू?" ते म्हणाले. "दुकानातल्या त्या बाईंनी मांजरीसाठी काय सांगितलं होतं? एकदम बदलू नका म्हणून?"

"हो."

"मांजरीला चमच्या-चमच्याने दिलंस. मला एक शनिवार."

रागाने म्हणाले नाहीत. माप चुकलं की ते जसं सांगायचे तसंच म्हणाले, आणि परत कानस उचलली.

त्यांनी खोली झाडून घेतली, दाराला कुलूप लावलं, आणि दोघं घरापर्यंत चालत आली. दारात बाबा थांबले. फडकं घेऊन भुवया झाडल्या, खांदे झाडले. तिने त्यांच्या हातातून फडकं घेतलं आणि पाठ झाडली. झाडता झाडता ती दिवसभराचं बोलत गेली. ग्रंथालयात कुणी कोणतं पुस्तक भिजवून परत केलं, तिच्या लेकीने फोनवर काय सांगितलं. बाबा हूं हूं करत उभे होते. पाठीवर भुसा फारसा नव्हताच. ती तरी झाडत राहिली.

थांब्यावर आली तेव्हा उजेड अजून होता. मशीन उद्या जायलाच हवं, त्यात तिच्या मनात शंका नव्हती. बाबांनीही मशीनबद्दल चकार शब्द काढला नव्हता. पण खोली? टायरवाल्याला मालकांनी शब्द दिला होता, मालकांना तिने दिला होता. दिलेला शब्द फिरवणं तिच्या घराण्यात नव्हतं, बापाने तर पट्टा काढून ठेवला होता. मालक चिडतील. सगळं जमवून आता शेवटच्या दिवशी सांगताय, म्हणतील, आणि त्यांचं चुकणार नाही. टायरवाल्याला दुसरी जागा बघून द्यावी लागेल, कदाचित तिलाच. आणि दोन महिन्यांनी बाबांचा हात कानशीवर घसरला तर? करवत हाताची असली तरी करवतच. त्यांचा डावा डोळा तर बरा होणार नव्हता. रोज संध्याकाळी तिला घोर लागणारच होता, आता नुसता त्याचा विषय बदलणार होता.

बस आली. दार उघडलं, ड्रायव्हरने तिच्याकडे बघितलं. तिने मान हलवून नाही म्हटलं.

मालक वखार बंद करून घरी गेले असतील. जेवायला बसायच्या आत गाठायला हवं. मशीन उद्या न्या, म्हणायचं, खोली मात्र अजून थोडे दिवस राहू द्या. किती दिवस, विचारलं तर सांगायचं, ते अजून मला माहीत नाही. तिने पिशवीतून फोन काढला आणि मालकांचा नंबर शोधायला लागली.